'नेटिव्ह' या विशेषणाचा अर्थप्रवास : सिंधुदुर्ग किनारपट्टीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : नेटिव्ह, एतद्देशीय, वतन, चाकरमानी, मूळ गाव, सिंधुदुर्ग, मालवण.

प्रस्तावना

मुंबईतील एखाद्या कचेरीत अर्ज भरताना 'नेटिव्ह प्लेस' या रकान्यात मालवण, देवगड, वेंगुर्ले किंवा कणकवली असे लिहिणारी व्यक्ती त्या शब्दाचा इतिहास मनात आणत नाही. तिच्या दृष्टीने तो 'गाव' या शब्दाचा इंग्रजी पर्याय असतो. परंतु हेच विशेषण एकोणिसाव्या शतकात तिच्या पूर्वजांच्या पलटणीला, शाळेला, वर्तमानपत्राला आणि संस्थानाला लावले जात होते. तेव्हा त्यातून गावाची ओढ नव्हे, तर दर्जातील अंतर व्यक्त होत असे. एकाच विशेषणाला दोन परस्परविरोधी भावार्थ कसे प्राप्त झाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

शब्दाचा अर्थ कोशात स्थिर झालेला दिसत असला, तरी व्यवहारात तो कोण उच्चारतो, कोणाविषयी उच्चारतो आणि कोणत्या नामाला जोडतो, यावर अवलंबून असतो. 'नेटिव्ह' हे विशेषण माणसाला लागले तेव्हा हिणवणारे ठरले आणि जागेला लागले तेव्हा जिव्हाळ्याचे झाले, हे सूत्र सिंधुदुर्गाच्या इतिहासातून तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या काळाचा विचार करताना जुना रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान या दोहोंचा संदर्भ घेणे क्रमप्राप्त आहे.

व्युत्पत्ती आणि मराठीतील समांतर शब्द

'नेटिव्ह' हा शब्द लॅटिन भाषेतील 'जन्म घेणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. 'जन्माने प्राप्त झालेला' किंवा 'त्या ठिकाणी जन्मलेला' हा त्याचा मूळ अर्थ होय. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मात्र त्याचे लॅटिन रूप जमिनीशी बांधल्या गेलेल्या, जन्मतःच दास असलेल्या कुळासाठी वापरले जात असे. देशी भाषांसाठी इंग्रजांनी रूढ केलेल्या 'व्हर्नाक्युलर' या विशेषणाचे मूळही धन्याच्या घरी जन्मलेल्या गुलामाच्या वाचक लॅटिन शब्दात आहे. म्हणजेच जन्मस्थान आणि हीन दर्जा यांची सांगड वसाहतवादाने प्रथमच घातली असे नाही. युरोपातील सरंजामी व्यवस्थेत ती पूर्वीपासून होती.

मराठीत या कल्पनेचा प्रवास नेमका उलट दिशेने झालेला दिसतो. अरबी भाषेत 'वतन' म्हणजे राहण्याचे ठिकाण, मायभूमी. हिंदी-उर्दूत तो अर्थ टिकून राहिला. मराठी राज्यव्यवहारात मात्र 'वतन' म्हणजे वंशपरंपरागत हक्क, हुद्दा व उत्पन्न असा अर्थ रूढ झाला. जो गावचा, त्याचा गावावर हक्क, अशी ही धारणा होती. 'मिरासदार' आणि 'उपरी' ही जोडीही हाच भेद दाखवते. मिरासदाराचा जमिनीवर पिढीजात हक्क असे, तर उपरी हा बाहेरून येऊन जमीन कसणारा समजला जाई. इंग्रजी राजवटीत 'येथला' असणे हे कमीपणाचे लक्षण ठरले, तर मराठी गावगाड्यात 'येथला' असणे हे अधिकाराचे लक्षण होते. या दोन धारणांची गाठ एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कोकण किनाऱ्यावर पडली.

सत्तांतर आणि विशेषणाचे आगमन

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. पुढे हा किल्ला कोल्हापूरकर छत्रपतींच्या ताब्यात होता. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराने तो जिंकला आणि त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' असे ठेवले. थोड्याच काळात किल्ला कोल्हापूरकडे परत गेला आणि हे नावही मागे पडले. या काळातील इंग्रजी लेखनात येथील आरमारी लोकांचा उल्लेख 'मालवन्स' असा बंदराच्या नावावरून येतो. इंग्रजांच्या लेखी ते समुद्री लुटारू होते. तथापि त्यांच्याशी लढाया होत होत्या व तहही होत होते. शत्रू म्हणून का होईना, त्यांची ओळख त्यांच्या बंदराच्या नावाने होत होती.

१८१२ च्या तहाने कोल्हापूरने मालवण बंदर व सिंधुदुर्ग किल्ला कंपनीला दिला. त्याच वर्षी सावंतवाडीकडून वेंगुर्लेही कंपनीकडे गेले. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला आणि १८१९ मध्ये सावंतवाडीने ब्रिटिश वर्चस्व मान्य केले. यानंतर किनाऱ्यावरील विविध समाजांना स्वतंत्र नावाने ओळखण्याची राज्यकर्त्यांची गरज कमी झाली. 'नेटिव्ह' या एकाच विशेषणात ब्राह्मण, मराठा, भंडारी, गाबीत, महार, मुसलमान व ख्रिस्ती असे सर्वजण सामावले गेले. सावंतवाडी हे 'नेटिव्ह स्टेट' ठरले. १८३८ मध्ये त्याचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला, तरी हे विशेषण कायम राहिले.

सैन्यात या विशेषणाचा अर्थ अधिक स्पष्टपणे दिसतो. कोकणातील मराठा व महार समाजांतून कंपनीच्या 'बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री'च्या पलटणींत मोठ्या प्रमाणावर भरती होत असे. या पलटणींतील सुभेदार व जमादार हे 'नेटिव्ह ऑफिसर' म्हणून ओळखले जात. अनेक वर्षांची चाकरी झालेला सुभेदारही नव्याने दाखल झालेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालीच राही. येथे 'नेटिव्ह' हे विशेषण जन्मस्थान सांगत नव्हते. बढतीची मर्यादा सांगत होते. १८८५ मध्ये पलटणींच्या नावांतून 'नेटिव्ह' हा शब्द वगळण्यात आला. शब्द गेला, परंतु मर्यादा गेली नाही. १८९२ मध्ये महारांची सैन्यभरतीच बंद झाली. पलटणीच्या नावात ज्या समाजाला इतरांच्या बरोबरीने 'नेटिव्ह' म्हटले गेले होते, त्याला शब्द वगळल्यानंतर काही वर्षांतच पलटणीचे दार बंद झाले, ही बाब लक्षणीय आहे.

शिक्षणक्षेत्र : पोंभुर्ले ते मुंबई

देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकर यांचे गाव. त्यांच्या आयुष्याशी 'नेटिव्ह' हे विशेषण पदोपदी जोडलेले आढळते. मुंबईत १८२२ मध्ये स्थापन झालेल्या शिक्षणसंस्थेच्या इंग्रजी नावात 'नेटिव्ह' हा शब्द होता. १८२७ पासून ती 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या मराठी नावात 'हैंदशाळा' असा शब्द आढळतो. 'नेटिव्ह' या विशेषणाला त्या काळच्या मराठीने 'हैंद', म्हणजे हिंदचा, असा प्रतिशब्द दिला. इंग्रजी शब्दातील दर्जाचा भाव मराठीत न आणता भाषांतरकारांनी त्याला देशवाचक केले. पुढे रूढ झालेल्या 'एतद्देशीय' या शब्दातही केवळ 'या देशाचा' एवढाच अर्थ आहे.

सोसायटीच्या कारभारात मात्र विशेषणाचा मूळ भाव शिल्लक होता. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे सोसायटीचे 'सेक्रेटरी' होते. सदाशिव काशीनाथ छत्रे आणि त्यांच्यानंतर बाळशास्त्री हे 'नेटिव्ह सेक्रेटरी' होते. एकाच्या पदाला विशेषण नाही, दुसऱ्याच्या पदाला आहे. ज्याचे पद स्वाभाविक मानले जाते त्याला विशेषणाची गरज पडत नाही. जो अपवाद मानला जातो त्यालाच ते लावावे लागते.

बाळशास्त्रींनी या परिस्थितीला दिलेले उत्तर शब्दांपेक्षा कृतीतून दिसते. ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झालेल्या 'दर्पण'मध्ये मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जात असे. राज्यकर्त्यांची भाषा आणि एतद्देशीयांची भाषा एकाच पानावर समान उंचीच्या रकान्यांत आल्या. १८३४ मध्ये एल्फिन्स्टनच्या शिक्षणव्यवस्थेत असिस्टंट प्रोफेसर म्हणून नेमले गेलेले ते पहिले भारतीय होत. 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' आणि 'नेटिव्ह इम्प्रूव्हमेंट सोसायटी' यांच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. इतरांनी लावलेले विशेषण स्वतःच्या संस्थेच्या नावात स्वेच्छेने घेणे ही अर्थबदलाची पहिली पायरी होय. १८६४ मध्ये विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी सुरू केलेल्या पत्राचे 'नेटिव्ह ओपिनियन' हे नाव याच परंपरेतील आहे. 'नेटिव्ह'ला स्वतःचे मत आहे, हे त्या नावानेच सांगितले गेले.

तथापि विशेषण स्वीकारल्याने अडथळा दूर होत नाही, हे रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या उदाहरणावरून दिसते. ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे जन्मलेल्या भांडारकरांनी एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकपदाचे काम हंगामी म्हणून पाहिले. कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा ते पद ब्रिटनहून आलेल्या पीटर पीटर्सन यांना देण्यात आले आणि भांडारकरांना दुय्यम पदावर राहावे लागले. कायम प्राध्यापकपद त्यांना पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८८२ मध्ये मिळाले. संस्कृत ही ज्या देशाची विद्या, त्या देशातील पंडिताला ती शिकवण्यासाठी थांबावे लागले. पुढे १८९३ मध्ये हेच भांडारकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

कायद्यातील 'नेटिव्ह'

व्यवहारात वंशवाचक झालेला हा शब्द कायद्यात मात्र जन्मवाचकच राहिला. १८३३ च्या सनदी कायद्याने कोणाही नेटिव्हाला केवळ धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण या कारणावरून कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवता येणार नाही असे जाहीर केले. १८७० च्या ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यात 'नेटिव्ह ऑफ इंडिया' या संज्ञेची व्याख्या आली. भारतात कायम वास्तव्य असलेल्या आईबापांच्या पोटी येथे जन्मलेली व येथेच अधिवास असलेली व्यक्ती, असा तिचा आशय होता. या व्याख्येत रंगाचा उल्लेख नाही. येथे स्थायिक झालेल्या युरोपीय वंशाच्या कुटुंबातील व्यक्तीही तीत बसू शकत होती.

परंतु १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकाने भारतीय न्यायाधीशांना मोफसिलात युरोपीय आरोपींचे खटले चालवण्याचा अधिकार देऊ केला, तेव्हा युरोपीय समाजाने मोठा गदारोळ केला आणि विधेयक सौम्य करावे लागले. कायद्याचा 'नेटिव्ह' आणि समाजमनातील 'नेटिव्ह' यांतील दरी यावरून स्पष्ट होते. इतर वसाहतींत परिस्थिती याहून कठोर होती. दक्षिण आफ्रिकेतील १९१३ च्या 'नेटिव्हज लँड ॲक्ट'ने कृष्णवर्णीयांना देशाच्या अगदी अल्प भूभागापुरते जमीनधारणेत मर्यादित केले. तेथे 'नेटिव्ह' ठरणे म्हणजे जन्मभूमीतील जमिनीचा हक्क गमावणे होते. विसाव्या शतकात हा शब्द नाम म्हणून अपमानकारक मानला जाऊ लागला आणि भारतातील राजकीय व्यवहारातही त्याची जागा 'इंडियन'ने घेतली.

'नेटिव्ह प्लेस' : माणसाकडून जागेकडे

नाम म्हणून लोपलेला हा शब्द विशेषण म्हणून मात्र टिकला, आणि तो टिकवण्यात स्थलांतरित समाजाचा वाटा मोठा होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडीविषयीचा दहावा खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. अपुरी शेती आणि मुंबईकडे रोजगारासाठी जाणारे लोक हे चित्र तोपर्यंत या जिल्ह्याचे वैशिष्ट्य बनले होते. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्यानंतर हा ओघ वाढला. जनगणनेत जन्मजिल्ह्याची नोंद होऊ लागली, तेव्हा मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांत रत्नागिरी जिल्ह्याच्या लोकांचा गट सर्वांत मोठ्या गटांपैकी एक असल्याचे दिसून आले.

या चाकरमान्याचे कुटुंब बहुधा गावीच राही. गिरणगावातील खोलीत एका गावचे अनेकजण भाडे वाटून राहत. पैसे मनिऑर्डरीने गावी जात आणि शिमग्याला व गणपतीला माणूस आगबोटीने मालवण, देवगड वा वेंगुर्ले बंदरात उतरे. मुंबईत जमिनीवर हक्क नाही, गावी जमीन अपुरी, अशा स्थितीत 'तुमचो गाव खंयचो?' हा प्रश्न केवळ ओळखीचा नव्हता. त्याच्या उत्तरावर खोलीतील जागा, गिरणीतील वशिला आणि अडचणीतील आधार अवलंबून असे. नोकरीच्या कागदपत्रांतील 'नेटिव्ह प्लेस' या शब्दाला चाकरमान्याने हा सर्व आशय दिला.

या आधाराचे मोल संकटकाळी दिसून आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा शहर सोडून लोक गावोगाव परतले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर असंख्य कामगारांनी गावची वाट धरली. विमा नसलेल्या कामगाराचा विमा म्हणजे त्याचे गाव होते.

अर्थातील पेच

येथे एक महत्त्वाचा विरोधाभास निर्माण होतो. 'नेटिव्ह'चा मूळ अर्थ 'जन्मलेला' असा आहे. परंतु आज मुंबईत जन्मलेली तिसरी किंवा चौथी पिढीही आपले 'नेटिव्ह प्लेस' आचरा, मसुरे वा शिरोडा असे सांगते. ज्या ठिकाणी आपला जन्म झाला नाही ते ठिकाण 'नेटिव्ह' ठरते, कारण तेथे पूर्वजांचे घर आणि कुळाचा देव आहे. इंग्रजी शब्दातील जन्माची जागा मराठी 'वतन' कल्पनेतील वंशपरंपरेने घेतली. शब्द इंग्रजी राहिला, अर्थ मराठी झाला.

वंशपरंपरा आली की तिच्यासोबत तिच्या मर्यादाही येतात. विवाहित स्त्रीच्या रकान्यात बहुधा पतीचे गाव लिहिले जाते. ज्या गावी ती जन्मली व वाढली, म्हणजे शब्दशः जे तिचे 'नेटिव्ह', ते 'माहेर' म्हणून बाजूला राहते. तसेच दक्षिण कोकणातील गावऱ्हाटीत मानकऱ्यांचे मान कुळानुसार ठरलेले असतात. गावकुसाबाहेर राहावे लागलेल्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची सेवा केली, तरी गावावरील त्यांचा हक्क तितक्या सहजतेने मान्य झाला नाही. महार वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा आहे. त्या वतनांत सेवेचा भार अधिक आणि प्रतिष्ठा नगण्य होती. म्हणून 'नेटिव्ह प्लेस' हा रकाना सर्वांसाठी सारखा असला, तरी त्यामागील गाव सर्वांसाठी सारखे नव्हते.

२०२० मध्ये कोविड साथीच्या काळात या शब्दाची पुन्हा परीक्षा झाली. मुंबईहून परतणाऱ्या चाकरमान्यांना विलगीकरणात राहावे लागले. अनेक ठिकाणी शाळांच्या इमारती त्यासाठी वापरल्या गेल्या आणि त्या वर्षीच्या गणेशोत्सवासाठी येणाऱ्यांनाही विलगीकरणाची अट होती. साथीच्या भीतीने गावांनी घेतलेली दक्षता अकारण नव्हती. परंतु ज्याच्या पैशावर घर उभे राहिले तोच काही काळ 'बाहेरून आलेला' ठरला. मिरासदार आणि उपरी हा जुना भेद एका नव्या कारणाने पुढे आला आणि गाव आपले असले तरी आपण गावचे आहोत की नाही हे गावही ठरवते, याची जाणीव झाली.

'गावठी' या शब्दाशी तुलना

'नेटिव्ह'ची दुहेरी गती मराठीतील 'गावठी' या विशेषणातही आढळते. माणसाला 'गावठी' म्हटले तर तो उपहास ठरतो. मात्र मालवणच्या बाजारात गावठी कोंबडी आणि गावठी अंडी यांना अधिक दर मिळतो. तेथे 'गावठी' म्हणजे अस्सल. अस्सलपणाही इतिहासानेच घडवलेला असतो. काजू हे झाड मूळचे ब्राझीलचे, पोर्तुगीजांबरोबर आलेले. त्याचे नावही तेथील तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आले आहे. आज मात्र वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या जाती गावाच्या नावानेच ओळखल्या जातात आणि वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बाहेरून आलेले झाड काही शतकांत 'येथले' झाले. जन्माने नसले तरी रुजण्याने 'येथले' होता येते, हे या उदाहरणावरून म्हणता येते.

निष्कर्ष

१. 'नेटिव्ह' या विशेषणाचा कोशगत अर्थ फारसा बदलला नाही. बदलले ते त्याचे मूल्य, आणि ते बोलणारा व ज्याच्याविषयी बोलले जाते तो, यांच्या सत्तासंबंधावर अवलंबून राहिले.

२. एकोणिसाव्या शतकात पलटण, संस्थान व पद यांना लागलेले हे विशेषण दर्जाची मर्यादा दाखवत होते. 'हैंद' व 'एतद्देशीय' या मराठी प्रतिशब्दांनी त्यातील हीनत्व वगळले, तर जांभेकर व मंडलिक यांच्या पिढ्यांनी ते आपल्या संस्था व पत्रांच्या नावात घेऊन त्याचा रोख बदलला.

३. कोकणी चाकरमान्यांच्या व्यवहारात हे विशेषण व्यक्तीपासून सुटून जागेला जोडले गेले आणि त्याला आपुलकीचा अर्थ मिळाला. या प्रक्रियेत जन्मस्थानाऐवजी वंशपरंपरा हा त्याचा आधार बनला.

४. हा आधार सर्वसमावेशक नाही. विवाहित स्त्रिया, गावकुसाबाहेरील समाज आणि शहरात जन्मलेल्या पिढ्या यांच्याबाबतीत 'येथला कोण' हा प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

इंग्रज राज्यकर्त्यांनी 'नेटिव्ह' म्हणून ज्यांना एका पंक्तीत बसवले, त्यांना स्वतःच्या गावात एका पंक्तीत बसणे अधिक अवघड गेले. अर्जातील त्या लहानशा रकान्याचा इतिहास पाहताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.